मुख्य वाहिनी मोकळी, पण गल्ली कोरडी

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला वेळेत रुग्णालयात आणले जाते. मेंदूच्या मोठ्या रोहिणीत अडकलेली गुठळी काढली जाते. अँजिओग्राफीच्या पडद्यावर रक्त पुन्हा वाहू लागलेले दिसते आणि नातेवाइकांना सांगितले जाते, 'वाहिनी उघडली आहे.' तरीही काही रुग्णांचा हात दुसऱ्या दिवशी उचलला जात नाही आणि महिन्यानंतरही नाही. 'वाहिनी उघडली, तर सुधारणा का नाही?' हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो.

त्याची कारणे अनेक असतात. गुठळी निघेपर्यंत मेंदूच्या बऱ्याच पेशी मेलेल्या असू शकतात. पण आणखी एक कारण असे आहे, की ते पडद्यावर दिसतच नाही. शहराची मुख्य जलवाहिनी दुरुस्त झाली, टाकी भरली, तरी एखाद्या गल्लीतल्या नळाला पाणी येत नाही. तसेच काहीसे मेंदूत घडते. मोठी रोहिणी मोकळी होते, पण तिच्या टोकाच्या केशवाहिन्या बंदच राहतात. १९६८ मध्ये अमेरिकी संशोधक एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत हा प्रकार नोंदवला. रक्तपुरवठा काही काळ थांबवून पुन्हा सुरू केला, तरी मेंदूचे काही भाग कोरडेच राहिले होते.

केशवाहिनीची रुंदी साधारण ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दहावा हिस्सा. ७-८ मायक्रॉनच्या लाल पेशीला तिच्यातून बऱ्याचदा अंग आक्रसून जावे लागते. नेहमीच्या सीटी अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात. त्यापेक्षा कितीतरी बारीक असलेले हे जाळे तिथे उमटत नाही. आणि पेशींना प्राणवायू मिळतो तो मुख्यतः याच जाळ्यातून.

डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या मात्र डॉक्टरांना पाहता येतात. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन नावाचा रंग देऊन निळ्या प्रकाशात छायाचित्रे घेतली, की वाहिन्या हिरवट-पिवळ्या चमकतात. ही तपासणी १९६१ पासून प्रचलित आहे. मधुमेहाच्या अनेक रुग्णांनी ती करून घेतलेली असते आणि त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, हेही त्यांना ठाऊक असते. डोळा पारदर्शक असल्याने तिथे हे जमते. मेंदू पारदर्शक नाही. त्यात शिरलेला प्रकाश दुधात शिरल्यासारखा विखुरतो.

यावर उपाय काय, याची चुणूक घरीच मिळते. अंधारात टॉर्चवर बोटे ठेवली, तर बोटे लालबुंद दिसतात. निळा-हिरवा प्रकाश बोटातच अडतो, लाल पार होतो. त्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. पण त्याच्या एका प्रकाशकणात रंगाचा रेणू चमकवण्याइतकी ऊर्जा नसते. एका हमालाला न उचलणारे पोते दोघांनी एकाच वेळी हात लावला तर उचलते, तसे दोन प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर आदळले तर काम होते. मारिया गोपर्ट-मायर यांनी हे गणिताने दाखवले, तो प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाने सिद्ध व्हायला मात्र लेसरचा शोध लागावा लागला. १९६१ मध्ये ते झाले, आणि १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी त्यावर आधारित सूक्ष्मदर्शक तयार केला.

या पद्धतीत प्रकाश दुप्पट केला तर चमक दुप्पट न होता चौपट होते. म्हणूनच तिला 'अरेषीय' म्हणतात. लेसर जिथे एका बिंदूत एकवटतो, तेवढाच बिंदू चमकतो. वरखालचा भाग अंधारातच राहतो. बिंदूमागून बिंदू टिपत गेले, की जिवंत मेंदूतल्या वाहिन्यांचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. रक्तद्रव चमकतो आणि लाल पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या धावताना दिसतात. ठिपके थांबले, तर ती केशवाहिनी तुंबली.

अशा निरीक्षणांतून मोलाची माहिती हाती आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१४ मध्ये केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशींविषयी निष्कर्ष मांडले. रक्तपुरवठा तुटल्यावर या पेशी आकसतात, त्याच अवस्थेत मरतात आणि वाहिनी आवळून ठेवतात. कॉर्नेलमधील गटाने २०१९ मध्ये अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांत पाहिले, की सुमारे २ टक्के केशवाहिन्या पांढऱ्या पेशी चिकटल्याने बंद होत्या. त्या सुटल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह वाढला आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत उंदीर काही तासांतच सुधारले.

अडचण उरते ती रंगाची. साधे रंग लवकर फिके पडतात, छोटे रेणू वाहिनीबाहेर झिरपतात आणि फार दाटीने भरले तर एकमेकांची चमक विझवतात. कॅडमियमयुक्त कण झळाळतात, पण कॅडमियम विषारी आहे. यावर पर्याय म्हणून सेंद्रिय नॅनोस्फटिकांवर काम चालू आहे. इथे 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनी रेणूंचे. शेतमालावरच्या 'सेंद्रिय' शिक्क्याशी त्याचा संबंध नाही. २००१ मध्ये हाँगकाँगमधील बेन झोंग टँग यांच्या गटाने असे रेणू वर्णिले, जे सुटे असताना मंद असतात आणि दाटीवाटीने एकत्र आले की चमकतात. असे हजारो रेणू शिस्तीत रचून मायक्रॉनपेक्षाही लहान स्फटिक करता येतो.

स्फटिकाची रचना अनुकूल असेल, तर तो प्रकाश न शोषताच त्याचा रंग बदलून देतो. अनेक हिरव्या लेसर पॉइंटरमध्ये हेच घडते. आतला न दिसणारा अवरक्त किरण स्फटिकातून जाताना हिरवा होतो. प्रकाश शोषलाच जात नसल्याने या खुणेचे फिके पडण्याचे भय फारसे नसते. २०१९ मध्ये टँग यांच्या गटाने चीनमधील सहकाऱ्यांसह अशा स्फटिकांच्या मदतीने उंदराच्या मेंदूतल्या खोलवरच्या वाहिन्या टिपल्या.

म्हणजे आता रुग्णालयात ही तपासणी होईल का? इतक्यात नाही. उंदराच्या मेंदूचा बाह्य थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, तर माणसाची कवटीच कित्येक मिलिमीटर जाड. शिवाय शरीरात गेलेले बारीक कण यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. ते तिथे किती काळ राहतात, बाहेर कसे पडतात, याची खात्री पटल्याशिवाय माणसाच्या शिरेत ते देणे योग्य नाही. तूर्त त्यांचा उपयोग प्रयोगशाळेत आहे. बंद केशवाहिनी उघडणारे औषध खरेच काम करते का, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. तेव्हा 'नॅनो' शब्द लावून कोणी रक्तवाहिन्यांची तपासणी विकत असेल, तर दोनदा विचार करावा.

केशवाहिन्या दिसत नसल्या, तरी त्यांना जपणे मात्र आजच शक्य आहे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घेणे, हे जवळच्या सरकारी रुग्णालयातही होऊ शकते. आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. मुख्य वाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितक्या जास्त गल्ल्या वाचण्याची आशा असते.