एक जनुक, दोन अवयव

डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या खाली अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू असतो. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज एकट्या या भागात आहेत. बाळाचे बसणे, चालणे, घास नेमका तोंडात घालणे, या साऱ्या हालचालींचा मेळ तोच घालतो.

हा लहान मेंदू घडतो कसा? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच ग्रंथ असतो. कोणत्या पेशीने त्यातले कोणते पान उघडायचे, हे काही खास प्रथिने ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आईच्या पोटात लहान मेंदू आकार घेऊ लागतो तेव्हा त्याच्या दोन भागांत दोन वेगळे फॅक्टर काम करतात. 'पीटीएफ-वन-ए' असेल तिथे पुरकिंजे पेशी तयार होतात, 'एटोह-वन' असेल तिथे ग्रॅन्यूल पेशी. एटोह-वन नसेल तर ग्रॅन्यूल पेशी बनतच नाहीत, हे मूळच्या बैरुतच्या शास्त्रज्ञ हुदा झोग्बी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने १९९७ साली उंदरांवर दाखवून दिले. पुढे पुरकिंजे पेशींकडून मिळणाऱ्या संदेशामुळे ग्रॅन्यूल पेशी झपाट्याने वाढतात. बाळाच्या जन्मानंतरही काही महिने ही वाढ चालूच असते.

पीटीएफ-वन-ए बिघडले तर काय होते, हे एका कुटुंबाच्या दुःखातून समजले. नात्यात निकाह झालेल्या एका पाकिस्तानी कुटुंबात काही बाळे जन्मतःच मधुमेह घेऊन आली आणि त्यांचा लहान मेंदू घडलेलाच नव्हता. ती वाचली नाहीत. मधुमेह आणि मेंदू यांचा संबंध काय? २००४ साली उलगडा झाला. स्वादुपिंड घडवण्यासाठीही हेच जनुक लागते. उत्तर युरोपीय वंशाच्या एका कुटुंबातही याच जनुकात दोष सापडला, म्हणजे हा आजार एकाच समाजाचा नाही.

आईवडील दोघांकडेही दोषी जनुकाची एकेक प्रत असेल तर ते स्वतः निरोगी असतात, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात. म्हणून अशा नात्यात तोच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो.

असा निकाह जायज आहे, सक्तीचा नाही. अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच जन्मतात. मात्र घराण्यात अशी बाळे दगावली असतील, तर ते लपवू नये. रिश्ता ठरवण्याआधी किंवा पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. सहा महिन्यांच्या आत बाळाला मधुमेह आढळला, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि एवढे ध्यानात ठेवावे, यात सुनेचा दोष नसतो. दोषी प्रत आई आणि बाप दोघांकडून येते.