कळांचे संकेत

मुलांनो, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली येथे एक विद्यार्थी संगणकावर निबंध लिहीत आहे, अशी कल्पना करा. एक परिच्छेद त्याला दुसरीकडे न्यावयाचा आहे. तो मजकूर निवडतो, 'कंट्रोल' ही कळ दाबून धरतो आणि 'एक्स' दाबतो. मजकूर उचलला जातो. हव्या त्या जागी 'कंट्रोल' व 'व्ही' दाबताच तो तेथे उमटतो. 'सी'ने प्रत घेता येते, तर 'झेड'ने नुकतीच केलेली कृती मागे घेता येते.

हीच अक्षरे का निवडली असतील बरे? झेड, एक्स, सी व व्ही या कळा खालच्या ओळीत, डाव्या हाताशी, एकमेकींना लागून आहेत. मजकूर कापून चिकटविण्याची रीत लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात सिद्ध केली. पुढे १९८३ साली निघालेल्या ॲपल कंपनीच्या 'लिसा' संगणकावर या कामासाठी वरील कळा योजण्यात आल्या.

तथापि हा संकेत सर्वत्र पाळला जात नाही. संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत 'कंट्रोल-सी' दाबले, तर प्रत निघत नाही; चालू असलेले कामच बंद पडते! तेथे हा संकेत लिसाच्याही आधीपासून रूढ होता. 'ईमॅक्स' या संपादकात 'कंट्रोल-वाय'ने मजकूर चिकटतो. इतर अनेक लेखन-प्रणालींत त्याच कळांनी मागे घेतलेली कृती पुन्हा होते. बिल जॉय यांनी १९७६ साली रचलेल्या 'व्हीआय' संपादकात एच, जे, के, एल या अक्षरांनी पुढेमागे आणि वरखाली जाता येते. कारण त्यांच्या यंत्रावर बाणांची चिन्हे त्याच कळांवर कोरलेली होती.

याउलट, एकच संकेत अनेकांना कसा जोडतो, हे आपल्या देशातील 'इनस्क्रिप्ट' कळफलकावरून दिसते. भारत सरकारने तो १९८६ साली प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. 'क' ज्या कळेवर, त्याच कळेवर 'शिफ्ट'सह 'ख'. 'ग'च्या कळेवर 'घ'. मराठीत 'क' उमटविणारी कळच बंगाली वा तेलुगू लिपीतही 'क' उमटविते.

संकेत हे माणसांनी ठरविलेले असतात. म्हणून ते स्थळाप्रमाणे बदलतात. यास्तव नवी प्रणाली हाताळताना तिचे संकेत आधी जाणून घ्यावेत, आणि मगच कळ दाबावी.