मांजर कुणाचं, कुत्रा कुणाचा? कायदा काय बघतो

2020 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला एका लॅब्राडोर कुत्र्यावर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याला कोको म्हणे, दुसरा टायगर. शेवटी पोलिसांनी कुत्र्याचं रक्त डीएनए तपासणीला पाठवलं. दोघांपैकी एकाचं म्हणणं होतं की, हा कुत्रा आपण पचमढीहून आणला. तिथल्या नराशी नमुना जुळला आणि कुत्रा त्याला मिळाला. पण यात काही महिने गेले.

मुलांना विचारलं तर ती सांगतील, जो जास्त जीव लावतो त्याचा कुत्रा. कायदा तसं बघत नाही. त्याच्या लेखी पाळीव जनावर ही जंगम मालमत्ता, म्हणजे सायकल किंवा टीव्हीसारखी वस्तू. चोरीच्या व्याख्येत 1860 पासून कुत्र्याचंच एक उदाहरण आहे: खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला बेइमानीने मागे यायला लावलं, तर कुत्रा मागे चालू लागला त्या क्षणी चोरी झाली. आज हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये आहे.

म्हणून शेजारच्या घरचं मांजर तुमच्याकडे येऊन दूध पिऊ लागलं, तुम्ही त्याला दोन वर्षं खाऊ घातलं, तरी तेवढ्यावर ते तुमचं होत नाही. बकऱ्याचंही तेच.

आपल्या घरांत खरी गुंतागुंत होते ती भेट दिलेल्या जनावरात. मामूंनी भाचीला मांजराचं पिल्लू दिलं आणि पुढे नात्यात वाकडं आलं की परत मागितलं. इथे हिबाचा नियम लागू होतो. देणाऱ्याने 'दिलं' म्हणणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पूर्ण. लेखी कागद लागत नाही. मात्र 'सांभाळायला दिलं होतं' असं समोरचा म्हणाला, तर 'दिलं' हे शाबीत करायला साक्षीदार लागतो. त्या दिवशीचा व्हॉट्सअॅप मेसेजही कामाला येतो.

तलाकच्या भांडणात मुलांच्या ताब्यासाठी कायद्यात तरतुदी आहेत, मांजरासाठी नाहीत. तिथेही प्रश्न मालकीचाच. खरेदीची पावती, लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, जुने फोटो हे सगळं कुणाच्या नावावर आहे, हे बघितलं जातं. आमचं मत विचाराल तर हे अपुरं आहे; जनावर कुणाच्या अंगणात रमतं, हेही बघायला हवं.

एक वाट मात्र आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 8 नुसार, पैशाने भरपाई होण्यासारखी नसेल तेव्हा तीच वस्तू परत मागता येते. घरात वाढलेल्या जनावराची भरपाई पैशाने होत नाही, हे वकिलाला याच कलमाखाली मांडता येतं. फौजदारी तक्रार असेल, तर खटला चालू असताना जनावर सुपूर्दनाम्यावर घरी मिळावं म्हणून अर्ज करता येतो.

पोपटावरून भांडत असाल, तर आधी थांबा. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याच्यावर मालकी सांगायला कोर्टात जाणारा स्वतःच अडकेल.