खनिजातले चिवट पाणी

पाणी सोडण्याच्या बाबतीत कोकण किनाऱ्यावरच्या दोन खनिजांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीत सापडणारी इल्मेनाइटची काळी वाळू सुटी असते. ढीग लावला की पाणी आपोआप निथळते. सिंधुदुर्गातल्या रेडीचे आणि शेजारच्या गोव्याचे लोहखनिज मात्र जांभा आणि चिकणमातीच्या संगतीतले. ते धुतले की त्यातले बारीक चूर्ण पाणी धरून बसते.

या ओलाव्याची किंमत केवळ पाण्यावर भरलेल्या भाड्याची नाही. जहाजाच्या हेलकाव्यांनी ओले चूर्ण दबते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि घट्ट वाटणारा माल चिखलासारखा एका बाजूला सरकतो. २००९ मध्ये भारतीय लोहचूर्ण नेणारी ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोज’ ही जहाजे बुडाली. माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो, साधारणपणे त्याच्या ९० टक्के ही वाहतुकीची मर्यादा धरतात.

पाणी काढण्यात रसायनांची कामे दोन, आणि ती एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पहिले काम गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याच्या जातीचे. पॉलिॲक्रिलामाइडसारख्या फ्लॉक्युलंटच्या लांब साखळ्या सूक्ष्म कणांना एकत्र बांधतात. पुंजके थिकनरच्या, म्हणजे गाळ दाट करणाऱ्या टाकीच्या, तळाशी लवकर बसतात आणि फिल्टरचे कापड चोंदत नाही. मात्रा टनाला काही ग्रॅम एवढीच. भुकटी घाईने पाण्यात ओतली तर गुठळ्या होतात, जोरदार पंपातून नेली तर साखळ्या तुटतात. मात्रा वाढवल्याने काम वाढेल, हा समज तर महागात पडतो: मोठ्या, फुसफुशीत पुंजक्यांच्या पोटातच पाणी अडकते, केकला, म्हणजे फिल्टरवर साठलेल्या थराला, भेगा पडतात, भेगांतून हवा पळते आणि निर्वात दाब उतरतो.

दुसरे काम पृष्ठसक्रियकाचे, म्हणजे पृष्ठताण उतरवणाऱ्या रसायनाचे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. खनिजाचा पृष्ठभाग पूर्ण भिजलेला असेल, तर एक मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रातून पाणी हुसकायला जवळपास १४४ किलोपास्कल दाब लागतो. निर्वात फिल्टर वातावरणाच्या दाबाहून, म्हणजे सुमारे १०० किलोपास्कलहून, अधिक ओढ देऊच शकत नाही. ते छिद्र भरलेलेच राहते. पृष्ठताण ३० वर आणला की ६० किलोपास्कल पुरतात. पण चिकणमाती हे महागडे रसायन अधाशासारखे शोषते, आणि उरलेले फिरत्या पाण्याबरोबर परत येऊन फेस करते. म्हणून ते आधी थिकनरमध्ये न टाकता केक धुताना, शेवटच्या टप्प्यावर फवारणे बहुधा शहाणपणाचे.

रसायनाला पर्याय आहे तो दाबाचा. फिल्टर प्रेस वातावरणाच्या कित्येक पट दाब देते आणि निर्वाताची मर्यादा ओलांडते. मात्र यंत्र महाग पडते, आणि केक पाडण्यासाठी दर फेरीला थांबावे लागते. चिखल फारच बारीक असेल तर प्रेसच्या आधीही फ्लॉक्युलंट लागतोच. कोणता आणि किती, हे काचेच्या नळकांड्यात त्याच खाणीचा चिखल आणि कारखान्यातलेच पाणी घेऊन ठरवतात. खाणीचा थर बदलला, मातीचे प्रमाण वाढले, की ही चाचणी नव्याने घ्यावी लागते.