जुन्या मोल्डरला नवा स्पिंडल

चौकटीला खाच मारायची असो की दाराच्या पट्टीला गोलाई द्यायची, लाकडाच्या कारखान्यात स्पिंडल मोल्डरवाचून भागत नाही. बिडाचं सपाट टेबल, त्यातून वर आलेला उभा दांडा म्हणजे स्पिंडल आणि त्यावर कटर, मशीन एवढंच. पण हा दांडा मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतो, आणि जुनी मशीन विकायला निघते ती बहुधा त्याच्याच पायी. बनवणारी कंपनी बंद पडलेली असते, नाहीतर नावाची पट्टीच गायब. मग "पार्ट मिळत नाहीत" म्हणत मालक ती भंगारवाल्याला दाखवतो.

वाळूजमध्ये ही सबब चालू नये. 1985 साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांची लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली. गाड्यांचे शाफ्ट रोज हाताखालून जाणाऱ्या टर्नरला मोल्डरचा स्पिंडल कसला अवघड? अडतं ते दुसरीकडे. एका नगासाठी मोठा कारखाना सेटिंग मोडत नाही. छोट्या जॉबवर्कवाल्याकडे जावं, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "नमुना आणलाय का, भाऊ?"

नमुना द्यावा, पण त्याचं माप देऊ नये. झिजलेल्या दांड्याची झीज नव्यातही उतरते. माप बेअरिंगवरून काढावं. बेअरिंगच्या 6205 या नंबरातल्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतलं भोक 25 मिमी. 6206 असेल तर 30. हा हिशेब जगभर सारखाच, म्हणून बेअरिंग ही सगळ्यात कमी काळजीची वस्तू.

घोळ होतो तो इंचात. जुन्या कटरचं भोक एक इंच, म्हणजे 25.4 मिमी, नवा स्पिंडल 25 चा केला की कटर 0.2 मिमी एका बाजूला बसू शकतो. दीड किलोचा असा कटर 6000 फेऱ्यांवर सुमारे बारा किलोंच्या ओढीने दांडा खेचतो, आणि ती ओढ सेकंदाला शंभर वेळा फिरते. काम खडबडीत आलं की मिस्त्री म्हणतात, लाकूड खराब आहे. लाकडाचा काय दोष!

ईएन 24 सारखं पोलाद घ्यावं, ग्राइंडिंगसाठी थोडं माप राखून टर्निंग करावं, हार्डनिंगनंतर बेअरिंगच्या आणि कटरच्या जागा एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड कराव्यात. बेअरिंग चढवताना दाब आतल्या कड्यावरच हवा. बाहेरच्या कड्यावर हातोडी पडली की मार गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरू लागतं. सगळं बसल्यावर पट्टा न चढवता डायल लावून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. काटा दोन शतांश मिलिमीटरपर्यंत हलला तर माझ्या मते चालेल. पाच शतांश गेला तर, कितीही घाई असली तरी, परत खोलावं.

मशीन नव्या शेडमध्ये हलवली की वायरमनकडून कधीकधी दोन फेज उलटसुलट जोडले जातात. स्पिंडल उलटा फिरतो आणि वरचा नट आपोआप सैल होतो. म्हणून पहिली चाचणी कटर न लावता घ्यावी.

जुनी मशीन घेणाऱ्याने रंग आणि मोटार नंतर पाहावी, आधी टेबलाखाली बॅटरी मारावी. स्पिंडल वाळूजमध्ये नवा होतो, बेअरिंग दुकानात मिळतात. पण बेअरिंगच्या बिडाच्या हाउसिंगला तडा असेल, तर ती मशीन भंगाराच्या भावातही घेऊ नये.