थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी मुंबईत परिचारिकेचा डिप्लोमा घेतला आणि इस्राएलमध्ये आल्यावर बेअर शेवा येथे निवृत्तीपर्यंत तेच काम केले. तरीही माझ्या स्वतःच्या आजारावर योग्य उपचार होण्यास तीन वर्षे लागली. त्यातील पहिले वर्ष निदानावाचून गेले. पुढची दोन माझ्याच स्वयंपाकघरात गेली, आणि मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्या दोन वर्षांविषयी.

यजमान निवर्तले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला ऑगस्टमध्ये शाल लागू लागली. बेअर शेव्याचा ऑगस्ट आपणास ठाऊक आहे. केस गळत होते, आवाज घोगरा झाला होता, पोट साफ होत नव्हते; जिना चढताना हातपाय गळून जात. एकदा मी स्वतःची नाडी मोजली, ती ५२ भरली. डॉक्टरांनी हे सारे दुःखाचे व वयाचे फळ ठरवले आणि मनाच्या उदासीनतेवरची गोळी दिली. मीही ते मान्य केले, कारण दुःख होतेच. अखेर रक्तातील टीएसएच तपासले गेले, तेव्हा आकडा ३८ आला. साधारणतः तो ०.४ ते ४ या दरम्यान असतो; सत्तरीनंतर किंचित अधिक असला तरी चालतो.

आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढले, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा निरोप होय. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की पीयूषिका अधिकाधिक मोठ्याने हाका मारते, म्हणून आकडा चढतो. माझ्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटली होती. या विकाराचे वर्णन १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी केले. यात जेवणात मीठ वाढवून किंवा आयोडीन घेऊन काही साधत नाही. उणे पडलेले थायरॉक्सिन रोज गोळीच्या रूपाने द्यावे लागते, आणि ते बहुधा जन्मभर.

मला ५० मायक्रोग्रॅमची गोळी मिळाली. ती मी रोज सकाळी दुधाच्या चहाबरोबर घेत असे. त्याच सुमारास हाडे ठिसूळ झाल्याचे आढळले, म्हणून कॅल्शियमची गोळीही सुरू झाली. विसरू नये म्हणून दोन्ही गोळ्या मी एकाच बशीत ठेवीत असे. टीएसएच ११, मग ९, मग पुन्हा १२. डॉक्टर मात्रा वाढवीत गेले: ७५, १००, १२५, शेवटी १५०. सूज व थकवा मात्र तसाच राहिला. औषध निकामी आहे, असे मी मुलीला फोनवर सांगू लागले होते.

एके दिवशी औषधांच्या दुकानातील तरुण मुलीने सहज विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" मी निरुत्तर झाले. 'अल केवा रेका', रिकाम्या पोटी, हे शब्द मी हजारो रुग्णांना ऐकवले होते! कॅल्शियम व लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. दूध, कॉफी आणि सोयाही तिच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी, न्याहारीपूर्वी निदान अर्धा तास, शक्य तर एक तास. कॅल्शियम व लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. रात्री, जेवणानंतर तीन तास लोटल्यावर घेतली तरी चालते, परंतु वेळ रोज एकच असावी.

मी दुसऱ्याच दिवसापासून शिस्त लावली, आणि येथेच दुसरी चूक केली. डॉक्टरांना कळवले नाही. आता १५० मायक्रोग्रॅम पूर्ण अंगी लागू लागले. पाचव्या आठवड्यात झोप उडाली, हात कापू लागले, छातीत धडधड सुरू झाली आणि एका पहाटे मला रुग्णालयात न्यावे लागले. टीएसएच ०.०३ होते. या वयात अतिरिक्त मात्रेमुळे हृदयाची लय बिघडते, हाडेही झिजतात. मात्रा ८८ वर आणली गेली. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून कोणत्याही बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करावी, त्याआधीचा आकडा फसवा असतो. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या भगिनींनी तपासणीपूर्वी तसे सांगावे, त्यानेही काही तपासण्यांचे आकडे बिघडतात.

योम किप्पूरविषयी मला नेहमी विचारले जाते. याच सात दिवसांच्या हिशेबामुळे थायरॉक्सिनची एका दिवसाची गोळी चुकल्याने सहसा काही बिघडत नाही. मधुमेह किंवा हृदयाच्या औषधांना हा नियम लावू नये. त्यांच्यासाठी डॉक्टरांना व रब्बींना आधी विचारावे.

औषधाच्या खोक्यातील पत्रक हिब्रू, अरबी व इंग्रजीत असते. मराठीत नसते, आणि आपल्यातील अनेक आजींना केवळ मराठीच नीट वाचता येते. नातवंडे डबी भरून देतात, परंतु कोणती गोळी कशाबरोबर घ्यावी हे त्यांनाही ठाऊक नसते. म्हणून दर मंगळवारी सकाळी दहा वाजता मी याच सभागृहात बसणार आहे. आपल्या सर्व गोळ्या, जीवनसत्त्वांच्यासुद्धा, पिशवीत घालून आणाव्यात. चहा मी देईन, पण आपली सकाळची गोळी घेऊन एक तास झाला आहे, याची खात्री करूनच.