शरीराचा घसारा कोण मोजणार?

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘घसारा’ ही संकल्पना समजावून देणे तसे सोपे असते. यंत्र वापरले की झिजते. म्हणून दरवर्षी त्या झिजेची रक्कम हिशेबात धरावयाची आणि यंत्र निकामी होईल त्या दिवसाची तरतूद आधीच करून ठेवावयाची. काही वर्षांपूर्वी हाच भाग शिकवीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, माणसाच्या पाठीचा घसारा कोणत्या वहीत लिहितात?” वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. पहाटे बाजाराच्या आवारात गोणी उतरवून तो महाविद्यालयात येत असे. पाठीत कळ भरल्यामुळे त्याला तीन आठवडे घरी बसावे लागले होते. मजुरी नगावर, नाव कोठेही नोंदलेले नाही. त्यामुळे त्या तीन आठवड्यांची कमाई शून्य आणि औषधाचा खर्च पदरचा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तासाला देता आले नाही.

विटा आणि हालचाली

माणूस काम करताना शरीर कसे हालवितो हे शास्त्रीय पद्धतीने पाहण्याचा प्रयत्न नवा नाही. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ हा १८८५ साली गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की एकाच कामावरचे दोन गवंडी वीट एकसारखी रचीत नाहीत. पुढे त्याने एक वीट रचण्यास लागणाऱ्या अठरा हालचाली मोजल्या आणि त्या पाचांवर आणल्या. ताशी १२० विटा रचणारा माणूस ३५० विटा रचू लागला. यातील मर्म मात्र वेगात नाही. गिलब्रेथने विटा जमिनीवर न ठेवता गवंड्याच्या हाताच्या उंचीवर ठेवल्या आणि भिंत वाढेल तशी वर सरकणारी परात बांधली. म्हणजे प्रत्येक विटेमागे सारे शरीर खाली वाकविणे वाचले. उत्पादन वाढले ते गवंड्याला दामटून नव्हे, त्याचे निरर्थक श्रम वाचवून. फ्रँक व त्याची पत्नी लिलियन यांनी १९१६ साली थकव्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, हा योगायोग नव्हे. त्यांचा समकालीन टेलर हातात घड्याळ घेऊन उभा होता. गिलब्रेथ दांपत्याने चलच्चित्राचा कॅमेरा आणला. वेळ मोजणे आणि हालचाल समजून घेणे यांत हाच फरक आहे.

गोलंदाजाची पाठ

आज या अभ्यासाचे लाड सर्वाधिक होतात ते क्रीडाक्षेत्रात. १९७३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर डेनिस लिलीच्या पाठीचे मणके ताणाने तडकले आणि त्याची कारकीर्द संपली असे अनेकांना वाटले. शिस्तबद्ध व्यायामाने तो सावरला आणि १९७४-७५ च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध पुन्हा उभा राहिला. त्यानंतरच्या काळात वेगवान गोलंदाजीच्या शैलीचा बारकाईने अभ्यास झाला. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला असली की मणक्याला पीळ बसतो आणि पुढचा पाय आपटताच शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पिळलेल्या पाठीवर येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१९ साली जसप्रीत बुमराहच्या पाठीत अशीच तडक आढळली, तेव्हा साऱ्या देशाने त्याच्या एका मणक्याची चिंता वाहिली. ती वाहू नये असे मी म्हणत नाही. परंतु पिळलेल्या पाठीवर भार पेलणारे आपल्याकडे केवळ गोलंदाजच आहेत काय?

हमालाची पाठ विज्ञानाला अज्ञात नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे एक सूत्र सुधारून मांडले. ओझे शरीरालगत, कंबरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, वळावे लागत नाही आणि उचलणे क्वचितच, अशा आदर्श परिस्थितीत त्या सूत्राची कमाल मर्यादा २३ किलो आहे. तेच ओझे शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर दूर असेल तर मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. त्यातच काटकोनात वळावे लागले तर ती जेमतेम आठ किलोंवर येते. ट्रकच्या फाळक्यापाशी उभा असलेला हमाल दूर सरकलेली गोण ओढतो, वळतो आणि पाठीवर घेतो, त्या क्षणी हे सूत्र आठवावे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची शिफारस केली होती. आपल्याकडे त्यानंतरही क्विंटलच्या गोणी पाठीवरून वाहिल्या गेल्या आणि ५० किलोंच्या गोणीसाठी हमालांना लढावे लागले. २०१८ साली युरियाची गोण ५० किलोंवरून ४५ किलोंवर आली. पण हेतू खताची बचत हा होता. पाठ वाचली असेल तर ती ओघाने.

पारख कोणाची?

येथे एक धोका सांगितला पाहिजे. हालचालींची तपासणी म्हटली की मालकाच्या मनात चाळणी येते: ज्याचा गुडघा डगमगतो, कंबर वाकत नाही, त्याला कामावरच घ्यावयाचे नाही. शास्त्राचा आधार या चाळणीला नाही. नॉर्वेचे क्रीडावैद्यक रोआल्ड बार यांनी २०१६ साली दाखवून दिले की, अशा चाचण्यांवरून उद्या कोणाला दुखापत होणार हे माणसागणिक सांगता येत नाही. जखमी होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की रेघ कोठेही ओढली तरी अन्याय होतोच. दुसऱ्या टोकाची पळवाट म्हणजे ‘वाकावे कसे’ याचे वर्ग घेणे. ओझे तेच ठेवून केवळ उचलण्याचे शिक्षण दिल्याने पाठदुखी टळते असा पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष २०११ सालच्या कॉक्रेन समीक्षेने काढला आहे. तात्पर्य, पारख माणसाची नको, कामाची हवी. गिलब्रेथने गवंडी बदलला नव्हता, विटांची जागा बदलली होती.

हे ज्ञान आपल्याला परके आहे असेही नाही. तालमीतला वस्ताद पोराची एक बैठक पाहून पाय कोठे चुकतो ते सांगतो. टोळीतला जुना हमाल नवख्याला “आधी पाय वळव, मग अंग” असे बजावतो. उणीव आहे ती या नजरेला हिशेबात स्थान नसण्याची.

महाराष्ट्राला तर हे काम नव्याने उभारावयाचे नाही. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या चळवळींमुळे या राज्यात कष्टकऱ्यांची संघटित ताकद उभी राहिली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांची मंडळे आली. मजुरीबरोबर लेव्ही गोळा होऊ लागली आणि भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय साहाय्य यांची सोय झाली. याच मंडळांनी प्रत्येक आवारात कामाची पाहणी का करू नये? ट्रकच्या उंचीचे धक्के, ढकलगाड्या, गोणीवर ठळक अक्षरांत वजन, दिवसाकाठच्या खेपांची नोंद आणि कोणाचे कोणते अंग केव्हापासून दुखते याची साधी वही, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. खर्च कोणी करावयाचा, असा प्रश्न येईल. आजही तो होतोच आहे. फरक इतकाच की तो व्यापाऱ्याच्या वहीत न पडता हमालाच्या घरात पडतो: औषधात, बुडालेल्या मजुरीत आणि पन्नाशीच्या आत संपलेल्या कमाईत. आपल्या व्यवहाराचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे यालाही अर्थशास्त्रात नाव आहे आणि ते आम्ही परीक्षेत विचारतो.

तो विद्यार्थी पुढे पदवीधर झाला. त्याच्या पाठीवरची गोण आता दुसऱ्या कोणाच्या पाठीवर आहे. ज्या दिवशी बाजाराच्या हिशेबात काट्याच्या आणि ट्रकच्या घसाऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिली जाईल, त्या दिवशी मी त्याला उत्तर दिले असे समजेन.